वाघ, मोजपट्टी आणि महामार्ग

नागपूरहून सिवनीकडे निघालं, की मनसर-देवलापारच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. ट्रक, ट्रॅव्हल्स आणि खासगी गाड्यांची रहदारी इथे रात्रंदिवस चालू असते. मध्येच रस्ता जमीन सोडून खांबांवर चढतो, बराच वेळ तसाच चालतो आणि पुन्हा खाली उतरतो. खाली मोठी नदी नाही, रेल्वेचा रूळ नाही, गावाची वेसही नाही. फक्त जंगल आहे, आणि ते रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूकडे सलग जावं म्हणूनच रस्ता उचलला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ रचना आहेत: पाच अंडरपास आणि चार लहान पूल. त्यांची रुंदी 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत आहे.

या नऊ रचनांमागे वाघाच्या विज्ञानाची जवळजवळ अर्ध्या शतकाची वाटचाल आहे. वाघ वाचवायला कायदा लागतो, पैसा लागतो, वनरक्षक लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संशोधकाला जंगलात जे दिसतं ते मंत्रालयातल्या फायलीत, कायद्याच्या कलमात आणि अभियंत्याच्या नकाशात कसं पोहोचतं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. भारतातल्या वाघाच्या बाबतीत हा प्रवास एकदा फार उशिरा झाला आणि एकदा बऱ्यापैकी वेळेवर झाला. दोन्ही वेळी काय घडलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

काचेवरचे ठसे

1972 साली देशातल्या वाघांची पहिली व्यापक मोजणी झाली आणि आकडा निघाला 1,827. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1 एप्रिल 1973 रोजी नऊ राखीव क्षेत्रं घेऊन व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्या नवांत महाराष्ट्राचं मेळघाट होतं.

मोजणीची पद्धत ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी घडवली होती. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवसांत वनरक्षक आपापल्या बीटमधल्या धुळीच्या वाटा, नाल्यांचे काठ आणि पाणवठे पालथे घालत. वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा स्पष्ट ठसा मिळाला, की त्यावर काच धरायची, काचेवर पेनाने त्याची कड गिरवायची, तिथून ती कागदावर उतरवायची आणि जमलं तर प्लास्टरचा साचाही घ्यायचा. नंतर सगळे कागद एकत्र आणून अधिकारी ते ताडून पाहत. हा वाघ वेगळा, हे दोन ठसे एकाच वाघिणीचे, असं करत करत बेरीज होई.

पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकाच्या हाताला बसणारी होती. तिच्यामुळे निदान वर्षातून एकदा तरी जंगलाचा कोपरा न् कोपरा पायाखालून जाई. पण ती दोन गृहीतकांवर उभी होती. एक म्हणजे, जंगलातल्या प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच. दुसरं, ठशावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतोच. यातलं पहिलं कोणी तपासलं नव्हतं आणि दुसरं तपासल्यावर टिकलं नाही. एकाच पंजाचा ठसा ओल्या मातीत पसरट उमटतो, बारीक धुळीत रेखीव दिसतो, उतारावर लांबट होतो. वन्यजीवशास्त्रज्ञ डॉ. उल्हास कारंथ यांनी बंदिवासातल्या चार वाघांचे 33 ठसे घेतले आणि हे किती वाघ आहेत, असं अनुभवी अधिकाऱ्यांना विचारलं. उत्तरं सहापासून थेट विसाच्या पलीकडे गेली. चार कोणीच सांगितले नाहीत.

कारंथांनी पर्यायही पुढे ठेवला. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे वाघाच्या अंगावरचे पट्टे कधीही दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगवेगळे असतात. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे. समोरून जनावर गेलं, की दोन्ही कुशींचे फोटो एकदम निघतात. कर्नाटकातल्या नागरहोळेत या पद्धतीने केलेला त्यांचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला.

फोटो म्हणजे मोजणी नव्हे, कारण सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. पुढचं काम संख्याशास्त्राचं आहे. समजा, लग्नघरी सकाळी मांडवाच्या दारात उभं राहून 60 चेहरे लक्षात ठेवले आणि संध्याकाळी पुन्हा 60 चेहरे पाहिले. त्यांतले 20 सकाळचेच निघाले, तर लग्नाला एकूण 180 च्या आसपास माणसं आली असावीत, असा हिशेब मांडता येतो. पुन्हा दिसणारे चेहरे जितके कमी, तितकी न दिसलेली माणसं जास्त. वाघांसाठी हेच गणित कितीतरी बारकाईने करतात. कॅमेरे कुठे होते, किती रात्री चालू होते, कोणता वाघ कुठल्या कॅमेऱ्यापासून किती दूर राहतो, हे सगळं त्यात येतं. उत्तर म्हणून एकच आकडा येत नाही. किमान इतके, कमाल इतके, असा पल्ला येतो.

म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस जुनी पद्धत का चुकते, हे माहीत होतं आणि नवी कशी चालते, हेही. तरीही सरकारी मोजणी ठशांवरच चालू राहिली. कॅमेरे महाग होते, जंगल हजारो चौरस किलोमीटरचं होतं आणि कर्मचाऱ्यांचा हात ठशांवर बसलेला होता. ही कारणं खोटी नव्हती. आणखी एक कारण मात्र कोणी कागदावर लिहीत नसे. व्याघ्र प्रकल्पाचं यश वाघांच्या संख्येवर ठरायचं आणि ती संख्या त्याच प्रकल्पाचे अधिकारी द्यायचे. आकडा वाढला की सगळे खूश. तो तपासणारा बाहेरचा कोणी नव्हता.

सरिस्कानंतर

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात 2004 च्या अधिकृत मोजणीप्रमाणे 16 वाघ होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वाघ दिसेनासे झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. 2005 मध्ये शोध घेतला, तेव्हा तिथे एकही वाघ उरलेला नाही, हे स्पष्ट झालं. शिकाऱ्यांनी जंगल रिकामं केलं होतं आणि कागदावर वाघ चालत होते.

देशभर खळबळ उडाली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं. एच. एस. पनवार, वाल्मीक थापर, समर सिंह आणि पुण्याचे परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्याचे सदस्य होते. ऑगस्ट 2005 मध्ये दलाने अहवाल दिला. ठशांची मोजणी सोडा, संशोधकांना जंगलात येऊ द्या, वन्यजीव गुन्ह्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी करा आणि जंगलात राहणाऱ्या माणसांना शत्रू समजणं थांबवा, असा त्याचा सारांश होता. शेवटच्या मुद्द्यावर दलातच मतभेद झाले. माणूस आणि वाघ एकाच जागी नांदू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्या थापर यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं.

2006 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला कायद्याचा आधार मिळाला. या दुरुस्तीतल्या दोन तरतुदींचा पुढच्या घडामोडींशी थेट संबंध आहे. पहिली अशी, की व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र ‘वैज्ञानिक आणि वस्तुनिष्ठ’ निकषांवर ठरवायचं, आणि तसं करताना अनुसूचित जमाती व इतर वनवासींच्या हक्कांना धक्का लावायचा नाही. दुसरी अशी, की एका संरक्षित क्षेत्राला किंवा व्याघ्र प्रकल्पाला दुसऱ्याशी जोडणारा प्रदेश परिसंस्थेला न झेपणाऱ्या कामासाठी वळवायचा नाही. सार्वजनिक हितासाठी वळवायचाच असेल, तर प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागेल. वाघ प्रकल्पाच्या हद्दीत बसून राहत नाही, ही जीवशास्त्रातली गोष्ट अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आली.

मोजणीही बदलली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आखलेल्या नव्या पद्धतीत वनरक्षक आधी बीटमध्ये पायी फिरून वाघाच्या आणि त्याच्या भक्ष्याच्या खुणा नोंदवतो. त्यावर उपग्रहाची माहिती बसवतात आणि निवडक ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लावतात. 2006 च्या अंदाजाचा आकडा 2008 मध्ये जाहीर झाला, तो 1,411. त्याआधीची 2001-02 ची ठशांवरची मोजणी 3,642 सांगत होती. पाच वर्षांत दोन हजारांवर वाघ मेले, असा याचा अर्थ पुष्कळांनी लावला, पण तो तितकासा खरा नव्हता. वाघ कमी झाले होते, हे खरंच. पण दोन आकड्यांमधलं बरंचसं अंतर दोन मोजपट्ट्यांमधलं होतं.

गंमत म्हणजे मूळ अहवालातला अंदाज 1,165 ते 1,657 असा होता आणि सुंदरबनचे वाघ त्यात धरलेले नव्हते. 1,411 हा त्या पल्ल्याचा मध्य. जाहिरातींनी, बातम्यांनी आणि भाषणांनी तोच उचलला आणि पल्ला मागे राहिला. 2022 च्या मोजणीतही तेच घडलं. एप्रिल 2023 मध्ये 3,167 हा किमान आकडा जाहीर झाला आणि जुलैमध्ये सरासरी अंदाज 3,682 आला. तीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले कसे, असं विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. किमान आणि सरासरी यांतला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

महाराष्ट्रात 2006 मध्ये 103 वाघांचा अंदाज होता आणि 2022 मध्ये 444 चा. ही वाढ एकाच जातीच्या मोजपट्टीने मोजलेली आहे, म्हणून तिच्यावर अधिक विश्वास ठेवता येतो.

विष्ठेतून कळलेली नाती

वाघांची संख्या वाढली, की पुढचा प्रश्न जागेचा येतो. वाघीण एका खेपेला साधारण दोन ते चार पिल्लं देते. दीड-दोन वर्षांची झाली, की ती आईचं क्षेत्र सोडतात. मादी बहुधा जवळच जागा शोधते, नर मात्र लांब जातो. वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं मारावी लागतात, त्यामुळे एका जंगलात किती वाघ मावणार याला मर्यादा आहे. ताडोबा असो वा पेंच, प्रत्येक भरलेल्या जंगलातून दरवर्षी काही तरुण वाघ बाहेर पडणारच.

ते जातात कुठे? 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावलेली होती. तो निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम असा शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल 1,300 किलोमीटरच्या वर गेली होती. पण एका वाघाच्या प्रवासावरून धोरण ठरत नाही. असे प्रवास पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत का, हे कळायला हवं.

ते विष्ठेतून कळलं. वाघाच्या विष्ठेवर त्याच्या आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए काढला, की तो कोणता वाघ, नर की मादी, आणि दुसऱ्या जंगलातल्या वाघांशी त्याचं नातं किती जवळचं, हे सांगता येतं. 2013 मध्ये मध्य भारताबद्दलचे असे दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. संदीप शर्मा आणि सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांची तुलना केली. ज्या जंगलांमध्ये झाडीचा पट्टा शिल्लक होता, तिथे जनुकांची देवाणघेवाण टिकून होती. आदित्य जोशी, अद्वैत एडगावकर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तर साडेसहाशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरच्या वाघांमध्ये नातं आढळलं. पुढे प्राची थत्ते आणि उमा रामकृष्णन यांच्या कामातून वाघांच्या वाटेतले मोठे अडथळे कोणते, हेही समोर आलं. दाट वस्ती आणि जास्त रहदारीचे रस्ते त्यांत ठळक होते.

वाट तुटली तर काय होतं, हे ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये दिसतं. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. त्यांच्यात काळे दिसणारे, म्हणजे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले वाघ, दर तिघांत एकाहून जास्त आहेत. हा टॅकपेप नावाच्या जनुकातल्या बदलाचा परिणाम असल्याचं 2021 मध्ये सिद्ध झालं. इतरत्र जवळजवळ कुठेच न आढळणारा हा बदल तिथे इतका पसरला, कारण मूळचे वाघ थोडे होते आणि बाहेरून नवं रक्त आलं नाही. पर्यटकाला काळा वाघ ही पर्वणी वाटते. जनुकशास्त्रज्ञाला त्यात धोक्याची खूण दिसते.

2014 मध्ये व्याघ्र प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातल्या 32 प्रमुख भ्रमणमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले. 2006 च्या कायद्यातल्या ‘जोडणाऱ्या प्रदेशाला’ त्यामुळे प्रथमच ठसठशीत आकार आला.

रस्ता किती उचलायचा?

आता पुन्हा पेंचकडे येऊ. नागपूर-सिवनी रस्ता चौपदरी करायचं ठरलं, तेव्हा तो कान्हा-पेंच आणि पेंच-नवेगाव-नागझिरा या भ्रमणमार्गांना कापणार होता. वन्यजीव कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. रस्त्याची दुर्दशा झाली होती आणि अपघात होत होते, त्यामुळे रुंदीकरण हवं असलेल्यांचीही बाजू होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आणि राष्ट्रीय हरित लवाद अशी दारं फिरत राहिलं, आणि त्यात कित्येक वर्षं गेली.

वाद ‘रस्ता की वाघ’ एवढ्यावरच अडून राहिला असता, तर कोणी तरी जिंकून कोणी तरी हरलं असतं. तो पुढे सरकला, कारण प्रश्नाचं रूप बदललं. रस्ता करायचाच असेल, तर कुठे, किती लांब आणि किती उंच उचलायचा? याचं उत्तर मीटरमध्ये देता येतं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या बिलाल हबीब आणि सहकाऱ्यांनी ते दिलं. प्राण्यांच्या खुणा कुठे सर्वाधिक मिळतात, जंगल रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुठे भिडतं, नाले कुठे आहेत, हे पाहून त्यांनी जागा सुचवल्या.

इथे एक साधं सूत्र कामी येतं. अंडरपासची रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लांबीने भागायचं. लांबी म्हणजे प्राण्याला रस्त्याखालून जेवढं अंतर कापावं लागतं ते. जे उत्तर येईल ते त्या रचनेचं मोकळेपण. चौपदरी रस्त्याखाली नेहमीच्या मापाची पाइप-मोरी टाकली, तर लांबी वाढते आणि रुंदी-उंची तोकडी राहते, त्यामुळे मोकळेपण जवळजवळ शून्यावर येतं. साळिंदर किंवा उदमांजर त्यातून जाईलही. पण कळपाने फिरणारं चितळ पलीकडचा उजेड आणि झाडी दिसल्याशिवाय पाय टाकत नाही, आणि जिथे चितळ जात नाही तिथे वाघालाही जायचं फारसं कारण उरत नाही. म्हणून रुंदी शेकडो मीटरवर गेली. वाघाच्या अंगाच्या मापाशी तिचा संबंध नव्हता, त्याच्या भक्ष्याच्या भीतीशी होता.

रस्ता झाल्यावर संशोधक परत गेले, आणि अशा कामात हे नेहमी घडतंच असं नाही. 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात या नऊ रचनांखाली 78 कॅमेरे लावले. 18 जातींच्या वन्यप्राण्यांचे 5,450 फोटो मिळाले. सर्वाधिक नोंदी चितळांच्या होत्या. वेगवेगळ्या 11 वाघांनी मिळून 89 वेळा या वाटा वापरल्या. एक-दोन धीट वाघांनी रस्ता ओलांडला, एवढ्यावर ही गोष्ट थांबली नव्हती. पट्ट्यांवरून ओळख पटल्यामुळे अकरा वेगवेगळे वाघ होते, हे ठामपणे म्हणता आलं. नागरहोळेत मोजणीसाठी आणलेलं तंत्र इथे पुलाची परीक्षा घ्यायला उपयोगी पडलं.

मग हे काम एका रस्त्यापुरतं राहिलं नाही. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या यांच्यासाठी भारतीय वन्यजीव संस्थेने 2016 मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली होतीच. याच महामार्गाच्या मध्य प्रदेशातल्या टप्प्यात अंडरपासबरोबर आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंतीही आल्या. समृद्धी महामार्गाच्या आराखड्यात वन्यप्राण्यांसाठी खालून आणि वरून जाणाऱ्या वाटा बसवल्या गेल्या. अकोट-खंडवा मीटरगेज लोहमार्ग ब्रॉडगेज करताना मेळघाटच्या जंगलातून न नेता बाहेरून न्यावा, हा पर्यायही पुढे आला.

ताडोब्याची वाघीण

काही ठिकाणी मात्र वाट इतकी तुटली आहे, की पूल बांधून ती जोडता येणार नाही. सिमिलीपाल हे त्यांतलंच एक. तिथे नवं रक्त आणायचं, तर वाघ उचलून न्यावे लागणार. 2024 च्या हिवाळ्यात ताडोबा-अंधारीतल्या दोन तरुण वाघिणी, जमुना आणि झीनत, ओडिशात नेल्या गेल्या. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षातून निघालेला हा थेट प्रशासकीय निर्णय होता.

झीनतने मात्र कोणाच्या आराखड्याची पर्वा केली नाही. सिमिलीपालमध्ये सोडल्यावर ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. तीन राज्यांच्या वनखात्यांची धावपळ झाली आणि 29 डिसेंबर 2024 रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. स्थलांतर फसलं, असा याचा अर्थ नाही. जनुकशास्त्र कुठल्या जंगलाला नव्या वाघाची गरज आहे, ते सांगतं. अमुक वाघीण तिथे रमेल का, हे ते सांगू शकत नाही. ती जिथून जाईल तिथल्या गावांना आधी कोणी काही सांगितलं आहे का, हा तर वेगळाच प्रश्न आहे.

जिथे सांधा सैल आहे

तीन ठिकाणी काम अजून कच्चं आहे.

पहिलं, भ्रमणमार्गाची हद्द. कायद्याला सर्व्हे नंबर लागतो. विज्ञानाला मात्र शक्यता मांडावी लागते: या पट्ट्यातून वाघ जाण्याची शक्यता जास्त, त्या पट्ट्यातून कमी. 2014 च्या नकाशांत सर्वांत कमी अडथळ्याची वाट दाखवलेली आहे. नकाशावर तिची चिंचोळी रेघ दिसते. त्या रेघेबाहेरची जमीन भ्रमणमार्गाची नाही, असं खाणवाल्याला किंवा बांधकाम व्यावसायिकाला म्हणता येतं. वाघ मात्र रेघेच्या कितीतरी बाहेरून फिरतात, आणि टिपेश्वरच्या वाघाने तर नकाशाला विचारलंच नाही. अंडरपासच्या दोन्ही तोंडांशी उद्या रिसॉर्ट आणि कुंपणं आली, तर वरचा पूल कितीही रुंद असला तरी निरुपयोगी ठरेल.

दुसरं, माहितीचा खुलेपणा. खुणा आणि कॅमेरे यांची सांगड घालून मोठ्या प्रदेशाचे आकडे काढण्याच्या पद्धतीवर 2015 मध्ये अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि इतरांनी गणिती आक्षेप घेतले. मोजणी करणाऱ्यांनी त्यांना उत्तरं दिली. असा वाद ही विज्ञानातली निरोगी गोष्ट आहे. मात्र तो नीट निकाली लागायला मूळ नोंदी स्वतंत्र संशोधकांना मिळायला हव्यात. सरिस्काने शिकवलं ते हेच: ज्याचा आकडा, त्यानेच तो तपासायचा, अशी व्यवस्था ठेवू नये.

तिसरं आणि सर्वांत अवघड, माणसं. चंद्रपूर जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्पाबाहेर, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, वाघ आणि गावं एकमेकांना खेटून राहतात. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया-माणसं वाकून, खाली बसून काम करतात, तेव्हा हल्ल्याचा धोका सर्वांत जास्त असतो. गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, भरपाईही मिळते. पण 2018 च्या मोजणीत वाघांचे फोटो घ्यायला 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले. एवढ्या काटेकोरपणे, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामावर माणसं जिवाला मुकतात, त्या घराची पुढची दोन वर्षं कशी जातात, हे कोणी मोजतं का? तेंदूचा हंगाम कोणत्या भागात कधी चालवायचा, हाही मोजमापावर ठरवता येणारा निर्णय आहे. व्याघ्र कृती दलाने 2005 मध्ये माणसांबद्दल जे म्हटलं, त्याला कायद्यात जागा मिळाली. त्याचा रोजचा व्यवहार अजून तसा बसलेला नाही.

तीन प्रश्न

कॅमेऱ्याची पद्धत सरकारने स्वीकारली, तोवर सरिस्का रिकामं झालं होतं. पेंचमध्ये रस्ता बांधला जाण्याआधी संशोधकांना मोजायला वेळ मिळाला. फरक शास्त्रज्ञांच्या हुशारीत नव्हता, ती दोन्ही वेळी होती. पेंचच्या वेळी कायद्यात आधीच एक कलम होतं, ज्याचा आधार घेऊन न्यायालयात उभं राहता येत होतं. संशोधकांचं उत्तर अभियंत्याला वापरता येईल अशा मापात आलं, आणि काम झाल्यावर ते उत्तर बरोबर होतं का, हे पुन्हा तपासलं गेलं. यातला एक टप्पा गळला, तर उत्तम संशोधनही नियतकालिकात पडून राहतं.

वाघांची देशव्यापी मोजणी दर चार वर्षांनी होते. पुढचे आकडे येतील तेव्हा मथळा वाचून थांबू नये आणि तीन गोष्टी विचाराव्यात. किमान-कमाल पल्ला किती आहे? यांतले किती वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या बाहेर राहतात? आणि मागच्या मोजणीनंतर या आकड्यांमुळे कोणता रस्ता वळला, कोणती खाण थांबली, कोणत्या गावाला काय मिळालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अहवालात सापडतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातून आणि विधिमंडळातून मागून घ्यावं लागेल, आणि ते मागणारे वाढले तर मोजणीवर होणारा खर्च सत्कारणी लागेल.